छातीतले पाणी आणि गार्डची एक जागा

आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या मुलीला क्षयाचे निदान झाले आहे. तिची आई परवा खाली आली आणि दारातच उभी राहून म्हणाली, "नानाजी, आपको भी तो यही हुआ था ना? तिला जरा समजवा. औषध पाहिलं की रडते." मग आवाज उतरवून म्हणाली, "बाहेर कोणाला सांगितलेलं नाही. रिश्ते की बात चल रही है."

समजावणे मला जमत नाही. माझ्या आवाजाने मुले गप्प होतात; त्यांना धीर येत नाही. म्हणून लिहून देतो. औषधाच्या वेष्टनावर जे छापलेले असते ते यात नाही. मला काय झाले आणि मी काय करून बसलो असतो, एवढेच आहे.

एक जागा

वाफेच्या इंजिनांचा काळ होता. दोरीवर वाळत घातलेल्या धोतरांवर काजळीचे ठिपके पडत आणि त्याची तक्रार कोणी करत नसे. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, झाशीच्या पुढे एकेरी मार्गावरील एका लहान स्टेशनावर असिस्टंट स्टेशनमास्तर होते. आई, ताई आणि मी झाशीच्या रेल्वे क्वार्टरात राहत होतो. अण्णा ड्यूटी संपली की पॅसेंजरने घरी येत.

कॉलेजच्या बास्केटबॉल संघात मी गार्ड होतो. आता ज्याला पॉइंट गार्ड म्हणतात तो. चेंडू घेऊन वर यायचे आणि कोणी कोठे पळायचे ते ओरडून सांगायचे. संघात अशी जागा एकच असते. आम्ही दोघे होतो.

दुसरा केशव. त्याचे घर लक्ष्मी गेटजवळ होते. त्याचे पूर्वज पेशव्यांच्या फौजेबरोबर आले आणि येथेच राहिले. त्याच्या बोलण्यात निम्मे हिंदी असे आणि उरलेल्या निम्म्यात आमच्या आजोबांच्या वेळचे शब्द. आम्हा रेल्वेच्या लोकांना तो 'बदलीवाले' म्हणे.

"तुम्ही बदलीवाले. आज आहात, उद्या बोरिया-बिस्तर घेऊन भुसावळला. ही जागा आमची पुश्तैनी आहे, समझे?"

"मग वंशावळ घेऊन ये," मी म्हणे. "चेंडू राहू दे."

आमच्या प्रशिक्षकांना सगळे मास्साब म्हणत. ते बुंदेलखंडी होते. त्यांना मराठीचे अक्षर येत नसे, परंतु गार्ड मात्र मराठी हवा असे, कारण कानपूर-आग्र्याच्या संघांना आमच्या आरोळ्या कळत नसत. 'आत', 'मागे', 'सोड' हे शब्द संघातील मिश्र आणि ठाकूर मंडळींनी पाठ केले होते. मास्साबांची आणखी एक रीत होती. जो गार्ड बाहेर बसेल त्याने आत खेळणाऱ्याचा टॉवेल मांडीवर धरायचा. त्याने नजर खेळावरून हलत नाही, असे ते म्हणत.

त्या वर्षी होळीनंतर रेल्वेच्या विभागीय संघात एक गार्ड घेतला जाणार होता, नोकरीसह. निवड करणारे अधिकारी आमचे सामने पाहण्यास येत. जो आत खेळेल त्याला नोकरी मिळण्याचा संभव होता. बाहेर बसणाऱ्याच्या मांडीवर टॉवेल होता.

दुसरा हाफ

दसऱ्यानंतर माझा दुसरा हाफ बिघडू लागला. डाव्या कुशीत चमक येई. संध्याकाळी अंग कसकसे. मी त्याचा दोष कॅनव्हासच्या नव्या बुटांना दिला, मेसच्या तेलाला दिला आणि सर्वांत अधिक केशवला दिला. माझा वेळ तो खातो आहे अशी माझी खात्री होती.

"बेटा," मास्साब एकदा म्हणाले, "दूसरे हाफ में तुम चले कहाँ जाते हो?"

त्यांनी केशवला आत पाठवले. जाताना त्याने आपला टॉवेल माझ्या मांडीवर टाकला. "नीट धर. चुरगाळू नकोस."

ताप मी घरी सांगितला नाही. सांगितला असता तर खेळ थांबला असता.

पुढच्या सामन्यात चेंडू घेऊन वर आलो. उजवीकडे आमचा गडी मोकळा होता. त्याच्या वाटेत उभ्या असलेल्या आमच्या दुसऱ्या गड्याला 'सोड', म्हणजे जागा सोड, असे ओरडायचे होते. शब्द निघाला नाही. छातीत त्यासाठी हवा नव्हती. तोंड उघडे ठेवून मी चेंडू धरून उभा राहिलो आणि शिटी वाजली. प्रेक्षक हसले. मास्साब हसले नाहीत. त्यांनी मला दंडाला धरून त्याच कपड्यांत रेल्वेच्या दवाखान्यात नेले आणि अण्णांना निरोप पाठवला.

निदान

डॉक्टर बंगाली होते. पाठीवर दोन बोटांनी ठोकत ते वरून खाली आले. वर आवाज पोकळ येत होता. खाली तो भिंतीवर ठोकल्यासारखा येऊ लागला आणि त्यांची बोटे थांबली. छातीचा क्ष-किरण फोटो काढला. मग जाड सुईने पाणी काढले. काचेच्या बाटलीत ते फिकट पिवळे दिसत होते. इतके पाणी घेऊन मी पळत होतो हे पाहून मला भीती वाटली नाही. राग आला.

"खेल बंद," डॉक्टर म्हणाले.

"टूर्नामेंट के बाद आ जाऊँ?"

"टूर्नामेंट हर साल होता है, बाबा."

तोवर अण्णा गणवेशातच पोहोचले होते. त्यांनी एकच प्रश्न विचारला. "कब तक?"

"साल, डेढ़ साल. दवा एक दिन नहीं छोड़ना. और जब तक हम फिट नहीं लिखेगा, दौड़ना नहीं."

टांग्यात अण्णा घोड्याकडे पाहत बसले. घरी आईला म्हणाले, "छातीत पाणी झालं आहे."

"म्हणजे ते?"

"हो. ते."

त्यानंतर वर्षभर त्या आजाराचे नाव आमच्या घरात उच्चारले गेले नाही. कॉलनीत मियादी ताप, म्हणजे टायफॉइड, सांगितला गेला. केशवच्या घरी मात्र खरे कळले, कारण संघातील सर्वांच्या छातीचे फोटो काढण्यात आले. त्याचा स्वच्छ निघाला. तरीही त्याच्या आईने त्याचा टॉवेल अंगणात जाळला. तो माझ्या मांडीवर असे.

वॉर्ड

दवाखान्यातील दिवस थर्मामीटरने सुरू होई. मग इंजेक्शन. सिस्टर सुई टोचण्यापूर्वी "ढीला छोड़ो" म्हणत आणि कोणी सोडत नसे. मग औषधाच्या पुड्या, इतक्या कडू की त्यांच्यामागून घेतलेले दूधही कडू लागे. दुपारी पडून राहायचे. लोको शेडमधून इंजिनांच्या शिट्ट्या ऐकू येत. इंजेक्शनांनी माझे कानही वाजत. कोणती शिट्टी शेडमधील आणि कोणती कानातील, हे ओळखण्यात माझा वेळ जाई.

शेजारच्या खाटेवर रामसेवक नावाचा फायरमन होता. इंजिनात कोळसा टाकून त्याचे दंड माझ्या मांड्यांएवढे झालेले, आणि आता ते सैल पडलेले. सिस्टरने माझा ताप पाहिला की तो विचारी, "क्यों खिलाड़ी, आज कितने पॉइंट?"

"एक सौ एक."

"शाबास! हमारे निन्यानवे. तुम जीत गए."

त्या वॉर्डात रोज हसू येण्याजोगे एवढेच होते. ते पुरे पडले.

रामसेवकचा ताप माझ्या आधी उतरला. त्याला भूक लागू लागली. एके दिवशी त्याने कुरता चढवला आणि गावी निघाला. डॉक्टरांनी पुड्या बरोबर दिल्या. त्याने त्या घेतल्या आणि दारात मला डोळा घातला. घेणार नाही, असा त्याचा अर्थ होता.

केशव येतो

घरी मनाई असूनही केशव आला. तो दारापाशी उभा राहिला. आत आला नाही.

"आम्ही सेमीफायनलमध्ये आहोत," तो म्हणाला. "तुझ्याविना."

"ऐकलं."

"पुढच्या सामन्यातले लोक दोघेदोघे अंगावर येतात. रेषेपाशी दाबतात. तू कसा निघायचास?"

मी छताकडे पाहिले. त्याला ते शिकवणे म्हणजे माझी जागा त्याला बांधून देणे होते. न शिकवावे तर संघ हरणार. प्रतिस्पर्ध्याला खरे सांगण्याइतका मी उदार नव्हतो. परंतु तो रेषेपाशी कोंडला जाईल आणि मास्साब बाहेर उभे राहून पाहतील, हे चित्रही मला सहन झाले नाही.

"रेषेपर्यंत जाऊच नकोस," मी म्हणालो. "आधीच एक पाऊल मागे ये. दोघे पुढे येतात. मग त्यांच्या मधून खाली टप्पा."

त्याने दाराच्या चौकटीत तसे पाऊल मागे घेऊन पाहिले. मान हलवली आणि गेला. तो संघ त्यांनी हरवला. फायनल हरले. दोन्ही बातम्यांनी मला जे वाटले ते येथे लिहिण्यासारखे नाही.

बरे वाटणे

या आजारातील सर्वांत धोक्याचा काळ बरे वाटू लागण्याचा आहे. हे मुलीने नीट वाचावे.

मला घरी आणले. माझे ताट-वाटी वेगळी, माझी खोली मागची. इंजेक्शनाला एक दिवसाआड दवाखान्यात जायचे. आई दाराबाहेर ताट ठेवी आणि मी जेवेपर्यंत तेथेच पदर तोंडाला लावून बसून राही. आत येत नसे, निघूनही जात नसे. मला वजन चढले. ताप गेला. चमक गेली. होळी जवळ आली होती आणि तिच्यामागून निवड.

त्याच सुमारास ताईला पाहण्यास ग्वाल्हेरचे लोक येणार होते. आईने खोल्या सारवल्यागत धुऊन काढल्या, औषधे पेटीत लपवली आणि माझ्यापुढे उभी राहिली.

"तेवढी दुपार तू बाहेर जा," ती म्हणाली. "त्यांना कळलं तर ताईचं जमायचं नाही."

"कोठे जाऊ?"

"कुठेही. इन्स्टिट्यूटमध्ये पेपर वाचत बस."

मी रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या क्लबात, गेलो. वाचनालयाच्या मागेच बास्केटबॉलचे मैदान होते. दुपारी ते रिकामे असे. चेंडू माळ्याच्या खोलीत. मी तो मागून घेतला. प्रथम उभ्याने टाकला. मग चालत. मग पळालो. छाती उघडली, हवा आत गेली, आणि मला वाटले की डॉक्टरांना काही कळत नाही.

ग्वाल्हेरचे लोक पसंतीची भाषा बोलून गेले. मी मात्र त्यानंतर रोज दुपारी इन्स्टिट्यूटमध्ये पेपर वाचण्यास जाऊ लागलो. निवडीच्या मैदानावर उभे राहण्याचा माझा निश्चय झाला होता. डॉक्टरांचे 'फिट' नंतर मिळाले तरी चालेल, आधी जागा मिळवू, असा माझा हिशेब होता.

एका दुपारी केशव सायकलवरून आला. त्याने मला पाहिले, सायकल झाडाला टेकवली आणि आश्चर्य न दाखवता म्हणाला, "चल. एक-एक हो जाए."

मी त्याला एकदा चुकवून गेलो. पुन्हा चुकवून गेलो. तिसऱ्या वेळी चेंडू जाळीतून पडला आणि मी खांबाला धरून वाकलो. खोकला थांबेना. केशवने चेंडू उचलला.

"डॉक्टरने फिट दिया?"

"देईल."

"मतलब नहीं दिया."

तो चेंडू माळ्याकडे देऊन सायकलकडे निघाला. मी मागून ओरडलो, "घाबरलास? जागा जाईल म्हणून?"

"हो," तो वळून न पाहता म्हणाला.

तो घरी गेला नाही. सरळ स्टेशनावर गेला, पॅसेंजरमध्ये बसला, अण्णांच्या स्टेशनावर उतरला आणि त्यांना सगळे सांगून आला.

अण्णांचे स्टेशन

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा माझ्या खोलीच्या दारात आले. "चल," एवढेच म्हणाले. मी मार खाण्याच्या तयारीने निघालो. ते मला स्वतःबरोबर ड्यूटीवर घेऊन गेले आणि स्टेशनाच्या खोलीत बाकावर बसवले.

त्या मार्गावर रूळ एकच होता. दोन स्टेशनांच्या मध्ये एका वेळी एकच गाडी असावी यासाठी दोन्ही टोकांना लोखंडी यंत्रे होती आणि त्यांत धातूचे गोळे. गाडी सोडायची तर यंत्रातून एक गोळा निघे. तो वेताच्या मोठ्या कड्याला बांधलेल्या चामडी पिशवीत घालून ड्रायव्हरच्या हाती द्यायचा. गाडी पुढच्या स्टेशनाला पोहोचून तो गोळा तेथील यंत्रात पडेपर्यंत येथून दुसरा निघत नसे. हे मी लहानपणापासून पाहत आलो होतो. म्हणून कधी पाहिलेच नव्हते.

एक मालगाडी गोळा घेऊन पुढे गेली. तिच्यामागून पॅसेंजर येऊन उभी राहिली. वेळ जाऊ लागला. डब्यांतून लोक उतरून पाणी पिऊन आले. शेवटी ड्रायव्हर इंजिनातून उतरून खोलीत आला.

"बाबूजी, अब तो छोड़िए. लाइन साफ दिख रही है. दूर तक धुआँ भी नहीं."

"दिख रही है," अण्णा म्हणाले.

"तो?"

"तो बैठिए."

ड्रायव्हर पुटपुटत बाहेर गेला. बऱ्याच वेळाने यंत्राची घंटा वाजली. मालगाडी वाटेत चढावर बंद पडली होती. आत्ता कोठे पोहोचली. अण्णांनी गोळा काढला, पिशवीत घातला, कडे ड्रायव्हरच्या हाती दिले. गाडी गेली. ते आत येऊन माझ्यासमोर उभे राहिले. रागावलेले मुळीच दिसत नव्हते.

"तुझी लाइन साफ दिसते आहे," ते म्हणाले.

एवढेच. संध्याकाळी आम्ही घरी परतलो. 'फिट' मिळेपर्यंत मी इन्स्टिट्यूटमध्ये पुन्हा गेलो नाही.

पुढच्या सुटीला अण्णा ग्वाल्हेरला गेले आणि घरात क्षयाचा रोगी आहे असे त्या लोकांना सांगून आले. त्यांनी नकार दिला. आई अण्णांशी कित्येक दिवस बोलली नाही. ताईने औषधाची पेटी उघडली, पुड्या बाहेरच्या खोलीत फडताळावर मांडल्या आणि त्या देण्याचे काम स्वतःकडे घेतले.

"गिळलीस?"

"हो."

"तोंड उघड."

मी उघडत असे. तिचे लग्न पुढे सागरच्या एका घरात झाले. ते लोक पाहण्यास आले तेव्हा मी पुढच्या खोलीतच बसलो होतो.

होळीनंतरच्या निवडीत केशवला घेतले गेले.

उन्हाळ्यात मी इंजेक्शनासाठी वॉर्डात गेलो तेव्हा माझ्या जुन्या खाटेवर रामसेवक होता. गावी त्याने पुड्या सोडल्या होत्या आणि नांगर धरला होता. मला पाहून त्याने एक बोट वर केले. "सौ के ऊपर, खिलाड़ी." पुढच्या खेपेस ती खाट रिकामी होती.

उत्तर

डॉक्टरांनी 'फिट' लिहिले तेव्हा पुढचा हिवाळा संपत आला होता. माझे कॉलेज सुटले होते. खेळातून मिळणारी नोकरी गेली ती गेलीच. मी नंतर परीक्षा देऊन कारकून झालो. परंतु फिट मिळाल्यावर एका संध्याकाळी मी इन्स्टिट्यूटच्या मैदानावर गेलो. रेल्वेचा संघ सराव करत होता. केशव गार्ड होता. मास्साबही खुर्ची टाकून बसले होते.

केशवने मला पाहिले आणि हात वर करून स्वतःच बाहेर आला. "मास्साब, याला पाच मिनिटं द्या."

मास्साबांनी माझ्याकडे पाहिले. "फिट?"

"फिट."

केशव बाकावर बसला आणि त्याने माझ्या खांद्यावरचा टॉवेल ओढून मांडीवर घेतला. मी उभाच राहिलो. विचारल्यावाचून मला आत जाता येईना.

"अण्णांकडे गेलास तो कशासाठी? माझ्या छातीसाठी की जागेसाठी?"

त्याने टॉवेलची घडी केली. "जाताना जागेसाठी," तो म्हणाला. "पक्का जागेसाठी. सायकल काय उगाच हाणली? मग तुझ्या वडिलांना सांगितलं. त्यांच्या हातातलं ते कडं खाली पडलं, यार. त्यानंतरचं मला माहीत नाही." टॉवेल मांडीवर पसरत म्हणाला, "तू हिशेब मांडायला आलास की खेळायला?"

मी आत गेलो. चेंडू माझ्या हाती आला. पाय जड होते, हाताची सवय गेली होती आणि पहिला चेंडू मी गमावला. दुसऱ्या वेळी वर आलो तेव्हा उजवीकडे एक गडी मोकळा दिसला.

"सोड!" मी ओरडलो. शब्द पूर्ण निघाला. वाचनालयात पेपर वाचणाऱ्यांनी माना वर केल्या.

हे सर्व मुलीला वाचून दाखवावे. तिच्या आईसाठी वेगळे लिहितो. घरी पाहुणे यायचे असतील तर मुलीला बाहेर पाठवू नका. आमच्याकडेही पाठवू नका. तिला पुढच्या खोलीत बसवा आणि औषधाची वेळ झाली की त्यांच्यादेखत औषध घेऊ द्या.